सर्व्हिसचा नंबर

बावीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बाईंना नवी गाडी निवडताना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मात्र गोदामाच्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. समोर दोन कंपन्यांचे विक्रेते वेग आणि ताकद सांगून एकमेकांवर कुरघोडी करत होते.

"साहेब, एक फोन लावू?" असं म्हणत बाईंनी स्पीकर सुरू केला आणि पहिल्या कंपनीचा सर्व्हिसचा नंबर फिरवला. "माल वर उचललेला असतानाच गाडी बंद पडलीय."

"आधी बिल नंबर सांगा," पलीकडून कुणीतरी जांभई देत म्हणालं.

बाईंनी दुसऱ्या कंपनीला तेच सांगितलं.

"खाली कुणाला उभं राहू देऊ नका!" एक मुलगी घाईघाईने म्हणाली. "आणि चालवणारे सुखरूप आहेत ना?"

बाईंनी फोन जवळ ओढला.

"चालवणारी मीच बोलतेय, पोरी. अगदी ठणठणीत आहे. गाडी बंद पडलेली नाही, ती अजून यायचीय. आमच्या मालकांची सही तेवढी राहिलीय."

मालकांनी पेनाचं टोपण काढलं.