गेटवर अडलेलं औषध

“कुणाकडे जायचंय?” तापाच्या भरात ह्यांचं सारखं तेच चाललं होतं. सोसायटीच्या गेटवर जन्म गेला ह्यांचा.

संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “औषध रक्तात आहे, पण मेंदूच्या दाराशी बारीक पंप असतात. विष आत जाऊ नये म्हणून आलेलं परत बाहेर फेकतात. आपलं औषधही फेकतायत. डोस वाढवलाय.”

मला रडता रडता हसू आलं. माझा सख्खा भाऊ मला भेटायला आला, तेव्हा मी काम करते त्या घरातून फोन येईपर्यंत ह्यांनी त्याला गेटबाहेर उन्हात उभं ठेवलं होतं.

सलाइनमधून औषध थेंब थेंब उतरत होतं. बघता बघता माझे डोळे जड झाले, आणि थेंबाथेंबातून धुतल्या कपड्यांतली माणसं लांबून चालत येताना दिसली. दाराशी येऊन सगळी ताटकळली. मी ह्यांच्या कानाशी वाकले. “अहो, माझ्या माहेरची माणसं आहेत. वरून फोन आलाय. सोडा त्यांना.”

पुटपुटणं थांबलं. ह्यांचा हात चादरीवरून सावकाश उठला, गेटचा दांडा उचलावा तसा, आणि सगळे आत जाईपर्यंत वरच राहिला.