मिटलेले ओठ

गोटूने ओठ घट्ट मिटून घेतले. चमचा तिथपर्यंत जाऊन थांबला आणि मऊ भात हनुवटीवरून लाळेऱ्यावर ओघळला.

"उघड ना रे तोंड," आई म्हणाली. ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे शब्द अर्धेमुर्धेच बाहेर आले. ती कपडे शिवायची. मशीनपुढे बसली की टाचण्या ओठांत जायच्या आणि दिवसभर तिथेच मुक्काम ठोकायच्या. पोराला भरवायला उठली तरी त्या काढायचं तिला भान नसे. गोटू मशीनच्या पायाशी बसून तिच्याकडे टकामका बघत राहायचा.

दीड वर्षाचं पोर, पण अंगावर मूठभर मांस नाही. बाटलीतलं दूध तेवढं प्यायचा, घासाशी मात्र उभा दावा. सासूबाईंचा चिऊचा घास झाला, काऊचा झाला, गाणी झाली, धाक झाला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, म्हणून त्यांनी तेही करून पाहिलं. तोंड उघडलं खरं, पण रडायला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, उद्या वजन करू, आणखी उतरलं असेल तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल.

ती नळी आईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिने पुन्हा चमचा पुढे केला. गोटूने मान फिरवली.

"मरायचंय का तुला?" ती किंचाळली आणि आपलेच शब्द ऐकून हादरली. हुंदका दाटला तशा तिने टाचण्या काढून मशीनवरच्या डबीत टाकल्या आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडू लागली.

सासूबाई आतून धावत आल्या. "सकाळपासून तुझ्या तरी पोटात काही गेलंय का?"

"खाईन नंतर, हा झोपल्यावर, ओट्यापाशी उभ्याउभ्या. रोजच्यासारखी."

"काही नंतर नाही. त्याचाच भात खा. तू आडवी झालीस तर त्याच्याकडे कोण बघेल?"

वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने गार भाताचा घास तोंडात घातला आणि रडत रडत चावू लागली.

गोटू रांगत जवळ आला. गुडघ्याला धरून उभा राहिला. तिच्या हलणाऱ्या गालावर त्याने हात ठेवला, ओठांत बोट घालून चाचपून पाहिलं. मग वाटीतला भात मुठीत घेऊन तिच्या तोंडात कोंबला. तिने तो गिळला. पुढची मूठ त्याने स्वतःच्या तोंडात घातली. चावली. गिळली. पुन्हा वाटीत हात घातला.

आई सासूबाईंकडे वळली. "आत्याबाई, हे काय झालं हो?"

सासूबाईंनी टाचण्यांची डबी उचलून उंच फळीवर ठेवली.

"पोर आईचं बघून शिकतं, बाई. तुझ्या तोंडात त्याने आजवर टाचण्याच पाहिल्या होत्या."