एक एप्रिलचा शनी

३१ मार्च १९९८ रोजी रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी जन्मलेल्या बाळाची पत्रिका संगणक काढून देत होता. त्यानंतर दोन मिनिटांनी जन्मलेल्या बाळाची देत नव्हता. पडद्यावर ‘ग्रहस्थिती उपलब्ध नाही’ एवढेच उमटत होते.

वसुधा मोघे यांनी दोन्ही जन्मवेळा तीन-तीनदा घालून पाहिल्या, निकाल वहीत उतरवले आणि तेरा एप्रिलला सकाळी त्या स्नेहलतागंजमधल्या देवेंद्रच्या ऑफिसात जाऊन बसल्या. पत्रिका काढण्याचा प्रोग्राम त्यांनी त्याच्याकडूनच विकत घेतला होता. कापड मिलच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकोणीस वर्षे सूत तोडून त्याची ताकद मोजली; मग मिल बंद झाली, आणि बडा गणपतीजवळ ‘कॉम्प्युटर पत्रिका’ अशी पाटी लावून बसणे एवढेच काम हाती उरले. घर त्यावर चालत होते. गेले बारा दिवस नवजात बाळांचे बाप त्यांच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत जात होते.

“थंड शिकंजी मागवू, ताई?”

“नको. मार्चमध्ये मी वार्षिक करार बंद केल्याचं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ते मिळाल्याची तुमची सही माझ्याकडे आहे. करार संपला आणि प्रोग्राम थांबला. का?”

“थांबणारच ना. ग्रहांचा डेटा दरवर्षी नवीन भरावा लागतो. कंपनीचे लोक बसून काढतात, मेहनत लगती है.” देवेंद्र हसला. “करार चालू करा, आज संध्याकाळी माणूस पाठवतो.”

“करार दुरुस्तीचा होता. प्रोग्राम मी विकत घेतला आहे. बिलावर विक्री लिहिलं आहे, भाडं नाही.”

“प्रोग्राम तुमचाच आहे, मी कुठे नाही म्हणतो? ग्रह तेवढे आमचे.”

वसुधाबाईंनी पिशवीतून कडेला भोके असलेले कागद काढून टेबलावर पसरले.

“हे एकतीस मार्चचं बाळ. रास वृषभ. सातवं पान वाचा.”

“साडेसातीचा तक्ता. तो सगळ्यांनाच येतो.”

“मोठ्यानं वाचा.”

“पहिली साडेसाती... शनीचा मेष राशीत प्रवेश, सतरा एप्रिल अठ्ठ्याण्णव.”

“म्हणजे येत्या शुक्रवारी. आता शेवटची ओळ.”

देवेंद्रने ओळीवर बोट ठेवले. “तिसरी साडेसाती समाप्त, सन दोन हजार चौसष्ट.”

“तुमच्या प्रोग्रामला शनी शुक्रवारी कुठे जाणार ते माहीत आहे. सहासष्ट वर्षांनी कुठे असेल तेही माहीत आहे. फक्त एक एप्रिलला कुठे होता, ते माहीत नाही.”

पंखा वरून कागद उडवू पाहत होता. देवेंद्रने त्यावर स्टेपलर ठेवला.

“ताई, तुमचा तर ज्योतिषावर भरोसाच नाही. सगळ्या बडा गणपतीला माहीत आहे.”

“नाही. म्हणूनच तपासलं.”

“बरं, मग? ग्राहक फोरममध्ये जाणार?” तो खुर्चीत मागे रेलला. “जा की. पण वकिलाला विचारून जा. कायदा ग्राहकासाठी आहे, धंदेवाल्यासाठी नाही. तुम्ही धंदा करता.”

“विचारलं.” त्यांनी एक झेरॉक्स पुढे सरकवली. “त्र्याण्णव साली या कायद्यात एक स्पष्टीकरण जोडलं आहे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका कमावण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. दुकानात मी एकटी असते. दुसरा कोणी म्हणाल तर पंखा.”

देवेंद्रने झेरॉक्स दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना तो हसत नव्हता.

“एखाद्या मशीनमध्ये काही गडबड असू शकते,” तो म्हणाला. “व्हायरस वगैरे.”

“तेही पाहिलं. सुदामा नगरात प्रेमलता पंडितांकडे तुमचाच प्रोग्राम आहे. त्यांचा करार तीस जूनपर्यंत आहे. त्यांच्या मशीनवर तीस जूनला जन्मणाऱ्या बाळाची पत्रिका निघते. ते बाळ अजून जन्मलेलं नाही. एक जुलैच्या बाळाची निघत नाही. दोन मशीन, दोन करार, दोन तारखा. व्हायरस इतका नियमाने वागत नाही.”

“प्रेमलताजींना सांगितलं तुम्ही?”

“पत्रिका त्यांनीच काढून दिल्या. कारण विचारत होत्या. म्हटलं, आधी देवेंद्रना विचारते, मग सांगते.”

देवेंद्रने ड्रॉवरमधून एक फ्लॉपी काढली.

“चला, ताई. स्कूटर खाली आहे. मीच येतो.”

“चला. येताना सर्व्हिस रिपोर्टचं पुस्तक घ्या.”

बडा गणपतीजवळच्या दुकानात त्याला चार मिनिटे लागली. वसुधाबाईंनी बारा दिवसांपूर्वी नाव लिहून गेलेल्या पहिल्या बापाच्या मुलीची जन्मवेळ घातली. प्रिंटर करकरत चालू झाला. सातवे पान बाहेर येईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी रिपोर्टच्या पुस्तकावर पेन ठेवले.

“कारणाच्या रकान्यात काय लिहू?” देवेंद्रने विचारले. “व्हायरस लिहितो. सगळ्यांना तेच लिहितो.”

“जे सापडलं ते लिहा.”

त्याने लिहिले: ‘तक्रार: ग्रहस्थिती मिळत नाही. कारण: करार संपण्याची तारीख प्रोग्राममध्ये घातलेली होती. उपाय: तारीख काढली. ग्रहांमध्ये दोष आढळला नाही.’

खाली सही केली.