पोटभर मांस-मासे

‘इथल्या मुलांना पोटभर मांस-मासे मिळत.’ आता संग्रहालय झालेल्या जुन्या अनाथालयाच्या भिंतीवर ठोकलेली ती पितळी पाटी वाचली आणि नेवेनकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आवारात पुरलेल्या मुलांचे दात हिवाळाभर तिनेच तपासले होते. "शियोर टोन्ची, हे कुणी लिहिलं?"

"मीच की!" संग्रहालयाचे संचालक टोन्ची खुशीत म्हणाले. "तुझ्याच अहवालातून घेतलंय. दातांत जड नायट्रोजन जास्त, म्हणजे खाण्यात मांस-मासे जास्त. एवढं मलाही कळतं हो, बाई."

"अर्धवट कळतं, म्हणून तर घात झाला. त्याच पानावर दातांवरच्या कीटणाचं लिहिलंय, ते नाही वाचलंत? कीटणात सापडलं ओकच्या बोंडांचं पीठ आणि लाकडाचा भुसा. पोटभर मासे खाणारं पोर भुसा कशाला चघळेल?"

"मग आकडा चुकला तुझा?"

"आकडा बरोबर आहे. माणूस उपाशी मरायला लागला की शरीर स्वतःचंच मांस जाळून दिवस काढतं. तेव्हाही आकडा असाच चढतो. या पोरांनी मांस खाल्लं शियोर टोन्ची, ते स्वतःच्या अंगावरचं."

टोन्चींनी नजर वळवली. लाजले असतील, असं तिला क्षणभर वाटलं. कसली लाज आणि कसलं काय! त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे अनाथालय एकेकाळी चालवणाऱ्या घराण्याची माणसं स्प्लिट शहरातून निघालीत, पोचतीलच आता. आणि हे बघ, मांस खाल्लं असं तूच म्हणालीस ना आत्ता? मग पाटी तशी काही खोटी नाही."

 नेवेनकाने काचेच्या कपाटातून एक जबडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. एवढासा होता. दुधाचे दात अजून पडायचे होते.

"घ्या. हे याला सांगा. तोंडावर सांगा."

"अगं, वेड लागलं का तुला? गाड्या आल्या दारात! उचल हे."

तिने कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि हाताची घडी घालून तिथेच उभी राहिली.

टोन्ची घाईघाईने पाहुण्यांसाठी मांडलेल्या टेबलाकडे वळले. वाळवलेल्या मांसाचे काप, मेंढीचं चीज, तळलेल्या माशांच्या पराती. जबडा ठेवण्यापुरतीही जागा नव्हती.