सासूबाईंचं आजारपण

"सासू-सासऱ्यांसाठी रजा मिळते," अर्ज परत सरकवत साहेब म्हणाले. "लग्न झालेल्या बाईची आई आपल्या नियमात बसत नाही."

वाद घालायचं त्राण कुंदाकडे उरलं नव्हतं. दिवसभर कारखान्यात उभं राहायचं, सुटलं की माहेरी जाऊन लकवा झालेल्या आईचं अंग पुसायचं, तिला भरवायचं, मग घरी येऊन भाकऱ्या थापायच्या. साहेबांचं म्हणणं तिने घरी सांगितलं, तेही निव्वळ मन मोकळं व्हावं म्हणून. सासूबाईंना तिच्या माहेरचा विषय कधी गोड लागला नव्हता.

लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, "मग सांग, सासूच आजारी आहे."

"आई, खोटं आजारपण सांगितलं की ते खरंच मागे लागतं, असं तुम्हीच म्हणता ना?"

"लागू दे. तेव्हा रजा खरी ठरेल."

रजा मिळाली. पण कुणाच्या घरी आजारपण असलं की बघायला जायचं, ही कारखान्यातल्या बायकांची रीतच. रविवारी त्या शहाळी घेऊन आल्या, तेव्हा धडधाकट सासूबाई गोधडी ओढून कण्हत पडल्या होत्या. शरमेने कुंदाने मान वर केली नाही.

बायका गेल्या तशा सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि शहाळी पिशवीत भरू लागल्या.

"चल, मीही येते," त्या कुंदाकडे न बघता म्हणाल्या. "विहिणीला बघायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून अडले होते इतके दिवस."