तीन ओळींचं उत्तर

"काका, गेले तीन महिने तुम्ही एका यंत्राशी पत्रव्यवहार करताय," शौनक म्हणाला आणि अख्खं ऑफिस हसलं.

रंगनाथ हसला नाही. समोर धायरीच्या मसाला कारखान्याकडून आलेला मेल उघडा होता. इंग्रजीतल्या तीन ओळी. आपल्या पत्राबद्दल आभार. आपल्या प्रस्तावाचा विचार चालू आहे. कृपया संपर्कात राहावे.

"याला ऑटो-रिप्लाय म्हणतात. तिथे माणूस नसतोच. तुम्ही काहीही पाठवा, हेच परत येणार. बारा मेल, बारा उत्तरं, स्वल्पविरामाचाही फरक नाही."

"पण लगेच कुठे येतं? कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी. गुरुवारी तर येतच नाही."

"सर्व्हर स्लो असेल," शौनक म्हणाला. कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या माणसाशी वाद घालायची तेव्हा, म्हणजे दोन हजार तीन साली, कुणाची छाती नव्हती.

नारायण पेठेतल्या त्या ऑफिसातून इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकले जात. बावीस वर्षं रंगनाथ स्कूटरवर काटा बांधून गावभर हिंडला होता. गिऱ्हाइकाच्या टेबलावर काटा मांडायचा, त्यावर त्याच्याच किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा, आकडा दाखवायचा आणि गप्प बसायचं. निम्मे लोक तिथेच विरघळत. मग मालक श्यामसुंदर दामले यांना इंटरनेटचा साक्षात्कार झाला. फिरती बंद, फोन बंद. "मेल करा. मेल फुकट असतो," असं त्यांनी जाहीर केलं. फुकट म्हटल्यावर पुण्यात पुढे चर्चा होत नाही.

रंगनाथ पन्नाशीला टेकलेला. तरी शौनककडून सगळं शिकला. मेल छोटा हवा. प्रश्न एकच विचारायचा. आधीचा मेल पाहिलात का, असं चुकूनही म्हणायचं नाही. दर वेळी गिऱ्हाइकाच्या कामाचं काहीतरी नवं सांगायचं. दमट हवेत मिरचीचं वजन कसं फसवतं, यावर त्याने एका बोटाने अख्खा मेल टाइप केला होता. असे चाळीस ठिकाणी लिहून झाले. एकोणचाळीस गप्प. उत्तर यायचं ते फक्त धायरीहून, खाली आप्पासाहेब हे नाव.

"तो माणूस मला मान देतो," असं तो घरी बायकोला, हिराला सांगायचा. तीही बिचारी मान डोलवायची. एकतीस तारखेपर्यंत एक तरी ऑर्डर आणा, नाहीतर घरी बसा, असं दामल्यांनी बजावलं होतं. या वयात दुसरं कोण दारात उभं करणार? सगळी भिस्त त्या तीन ओळींवर होती. आणि आता त्या ओळीही यंत्राच्या निघाल्या.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा त्याने तेरावा मेल लिहायला घेतला. यंत्राला काय कळणार, म्हणून मन मोकळं केलं. इंग्रजीत राग येईना, तेव्हा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली.

'अहो महाराज, तुम्हाला ना मन ना अक्कल. तीन महिने मी तुमच्या दारात भिकाऱ्यासारखा उभा आहे आणि तुम्ही पोपटासारखी तीच तीन वाक्यं म्हणताय. माझ्या काट्यावर तुमच्या शब्दांचं वजन शून्य भरतं. आता पुन्हा उत्तर पाठवून माझी थट्टा करू नका.'

बटण दाबलं आणि कितीतरी दिवसांनी त्याला जरा हलकं वाटलं.

त्या मेलला उत्तर आलंच नाही. आठवडा गेला, दुसरा गेला.

"काका, तुमच्यावर यंत्रही रुसलं," शौनक म्हणाला. पुन्हा सगळे हसले.

एकतीस तारखेला सकाळी रंगनाथने कुणाला न विचारता काटा स्कूटरवर बांधला. घरीच बसायचं तर निदान आपल्या पद्धतीने एक प्रयत्न करून बसू, असं त्याने ठरवलं. यंत्र असलं तरी यंत्राला मालक असेलच की.

कारखाना लहान होता. नवंकोरं गोदाम, दारात मिरचीची पोती. टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ शिंकत बाहेर आले.

"मीच आप्पासाहेब. या, बसा. काय काम हाय?"

"वजनकाटा दाखवायचा होता."

"उशीर केला बघा. परवाच घेतले." त्यांनी गोदामाकडे बोट केलं. दुसऱ्याच कंपनीचे पाच काटे ओळीने मांडलेले होते.

रंगनाथ खुर्चीत बसला. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता आणि त्याच्या वर भिंतीला वहीचा कागद चिकटवलेला होता. त्यावर स्केचपेनने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, तीन ओळी.

"आमच्या पूर्वानं लिवून दिलंय," आप्पासाहेब म्हणाले. "लेक माझी, नाशकाला दिलीया. मला इंग्रजी अक्षरं लागत्यात, अर्थ लागत न्हाई. ती म्हणली, कुनी पत्र धाडलं तर मानसाला ताटकळत ठिवू नका, एवढं बघून बघून टाइप करा. अर्धा तास जातो एका पत्राला. गुरवारी लाईट नसती, तेवढी सुट्टी."

रंगनाथने खिशातून अर्धवट काढलेलं व्हिजिटिंग कार्ड परत आत सारलं.

"नारायण पेठेतला एक भला मानूस दर आठवड्याला लिवायचा. पूर्वा आली की समदी वाचून दावायची. मिरचीचं तर काय झ्याक लिवलं व्हतं! गोदाम पुरं झालं की काटे त्याच्याकडनंच घ्यायचे, असं ठरलं व्हतं आमचं."

"मग?" रंगनाथने विचारलं.

आप्पासाहेबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"शेवटचं पत्र त्यानं मराठीत धाडलं. तेवढं एकच माझं मला वाचता आलं."