नाल्याकडची काच

सातवा महिना लागला तरी ती मत्स्यबीज केंद्रात कामाला येत होती. शेजारच्या कारखान्याच्या नाल्यात पकडलेली मादी अंडी घालून मेली. पिल्लं मात्र गाळलेल्या, स्वच्छ पाण्यात जन्मली. तरीही सगळीच्या सगळी टाकीच्या नाल्याकडच्या काचेला तोंड लावून थिजली होती.

तिनं तीनदा पाणी बदललं. टाकी फिरवून ठेवली. पिल्लं पुन्हा तिकडेच वळली.

“बाई, यांनी तो नाला बघितलासुद्धा नाही हो!” ती रडकुंडीला आली.

“यांच्या आईच्या अंगात होता ना तो,” केंद्रप्रमुख बाई नजर चुकवत म्हणाल्या. “तूही तिथलेच मासे खात आलीस, पोरी.”

ती धडपडत दाराकडे वळली, तसं पोटातलं बाळ सावकाश सरकलं. तिनं घाईघाईनं दुसरीकडे तोंड केलं.

बाळ पुन्हा फिरलं, आणि नाल्याच्या बाजूला टेकून थांबलं.